सरकारचं बलुतं

आबा, मागच्या बुधवारी पोरीचं पहिलं विद्यावेतन आलं. पोरगी म्हणजे तुमची नात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं. इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून ती आता इथं जालन्यातच एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागली आहे. मी लागलो होतो तशीच. थोडे पैसे कारखाना देतो, थोडे सरकार देतं, आणि दोन्ही थेट तिच्या बँकेच्या खात्यावर येतात. कुणासमोर रांगेत उभं राहावं लागत नाही की रजिस्टरवर सही करावी लागत नाही. संध्याकाळी मी हातपाय धुऊन देवाजवळ दिवा लावत होतो, तर ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, पहिली कमाई देवापुढं ठेवतेत ना? पण नोटा तर न्हाईत. मेसेज ठेवला तर चालंल का देवाला?" मी म्हणालो, "ठेव. देवाला वाचता येतं." तिनं फोन देव्हाऱ्यात उताणा ठेवला, त्यावर तो पैसे जमा झाल्याचा मेसेज. आतून तिच्या आईचा आवाज आला, "हळदीकुंकू नको लावू गं बाई त्याला, चार्जिंगच्या भोकात जाईल." पोरगी हसत हात जोडून उभी राहिली, आणि तेवढ्यात फोनचा उजेड गेला. तिनं पटकन बोट टेकवून तो पुन्हा लावला. पुन्हा गेला, पुन्हा लावला. माझी प्रार्थना होईपर्यंत ती तशी वाकून, देवाला मेसेज दिसत राहावा म्हणून बोट टेकवत राहिली. माझे डोळे मिटलेले होते खरे, पण समोर तुम्ही होता.

तेव्हापासून मनात आहे की तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकावी. ती सांगण्याआधी मागचं सगळं आठवावं लागेल, आणि ते आठवायला मला आवडतं, म्हणून सावकाश लिहितो.

आपल्या घरापुढच्या लिंबाखालचं छप्पर मला आजही जसंच्या तसं दिसतं. खाली लाकडाचा भुसा, कडेला तासायची वाकस, रंधा, करवत, आणि मधोमध तुम्ही, एका पायानं लाकूड दाबून धरलेलं. पेरणी तोंडावर आली की त्या छपराखाली जागा नसायची. कुणाच्या तिफणीचा फण बसवायचा, कुणाचं जू, कुणाच्या वखराचा दांडा. बाया विळ्याच्या मुठी घेऊन यायच्या. कुणी पैसे द्यायचं नाही आणि तुम्हीही मागायचा नाहीत. मग सुगीत तुम्ही मला बरोबर घेऊन खळ्याखळ्यावर जायचा. शेतकरी आपली रास देवाचं नाव घेऊन मोजायला लागायचा आणि आपल्या वाट्याचं बलुतं आपल्या पोत्यात पडायचं. ज्याचं वर्षभर काहीच मोडलं नाही तोही द्यायचा. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. मी एकदा विचारलंही होतं, तर तुम्ही म्हणालात, "मोडलं न्हाई ही देवाची कृपा. मोडलं असतं तर मी होतो का न्हाई?"

मी दहावीला जाईपर्यंत गावात ट्रॅक्टर आले. नांगर लोखंडाचे झाले, वेल्डिंगला माणसं आष्टीला जायला लागली. कुणी तुमच्याशी वाईट वागलं असं नाही. फक्त येणं कमी होत गेलं, मग खळ्यावरचं पोतंही अर्धं राहायला लागलं, आणि तुम्ही एका सुगीत कुणाला न सांगता खळ्यावर जायचं थांबवलंत. छपराखाली मात्र रोज सकाळी झाडून बसायचा. माय म्हणायची, "कुणाची वाट बघून राह्यले?" तुम्ही म्हणायचा, "कुणाची न्हाई. सावली चांगली हाय." त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला सांगितलंत की लाकडाचं शिकू नको, लोखंडाचं शीक. तुमच्या तोंडून ते ऐकताना मला काहीच वाटलं नव्हतं. आज वाटतं.

फिटरचा कोर्स झाला आणि जालन्याच्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये मला वर्षाची उमेदवारी मिळाली. पहिलं विद्यावेतन हातात पडलं त्या आठवड्यात मी गावी आलो. मायनं नोटांना हळदीकुंकू लावून त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. तुम्ही बाजूला बसून बघताय.

"हे कशाचे?" तुम्ही विचारता.

"विद्यावेतन हाय, आबा."

"म्हंजे पगार?"

"पगार न्हाई. शिकतो म्हणून देतेत."

"शिकायचं तर गुरूला द्यावं लागतं. इथं उलटं कसं काय?"

माय चुलीपासून म्हणते, "देणाऱ्यानं दिलं, पोरानं आणलं. तुमचं कशात अडलं?"

"अडलं न्हाई. समजून घेऊन राह्यलो."

तुम्ही जेवण उरकलंत. ताटात हात धुतलेत, मिशीवरून ओला हात फिरवलात आणि एकदम म्हणालात, "समजलं. बलुतं हाय हे." मला हसू आलं. पण तुम्ही पूर्ण गंभीर होता. "हसू नको. काम कर आन् पैसे घे, ती मजुरी. पण काम असो नसो, माणूस जागेवर राहावा म्हणून जे देतेत, ते बलुतं. सरकारनं तुला धरलंय. उद्या सरकारचं काही मोडलं तर तू पायजेस, म्हणून आत्तापासून दाणे घालून राह्यले." मी बरं म्हणालो आणि तो विषय संपला असं समजलो.

पुढच्या रविवारी फाट्यावर बसमधून उतरून चालत आलो तर आपल्या छपराखाली शाळेचे गुरुजी बसलेले. हातात शाळेच्या फाटकाची तुटलेली बिजागरी. मला वाटलं तुमच्याकडे आले असतील. गुरुजी म्हणाले, "तुझीच वाट बघून राह्यलो. आबा म्हणले, सरकारी वस्तू आता तुझ्याकडं हायेत." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान डोलावलीत, जणू यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. आठवडाभरात तुम्ही शाळा, दवाखाना, पंचायत सगळीकडे निरोप देऊन आला होता. त्या रविवारी मी बिजागरी बसवली. पुढच्या रविवारी दवाखान्याच्या खाटेचा पाय. मग शाळेची घंटा, मग तलाठ्याचं कपाट, ज्याची किल्ली तलाठ्यानंच हरवली होती. मारुतीच्या पारावर बसलेली माझ्याच वयाची पोरं मला लांबून बघितलं की ओरडायची, "उठा रे, सरकारचे बलुतेदार आले!" एकानं तर माझ्या पायातली चप्पल तुटली तेव्हा विचारलं, "ही सरकारी हाय का घरची? घरची असंल तर शिवू नको बरं, नियमात बसत न्हाई."

आणि तो पोस्टमन आठवतो का तुम्हाला? सायकलची चेन घेऊन आला होता. म्हणाला, सायकल सरकारच्याच कामाला फिरते. तुम्ही बराच वेळ विचार केलात, सायकलभोवती एक चक्कर मारलीत आणि निकाल दिलात: "सायकल तुझी. थैली सरकारची. थैलीची तुटली कडी माझं पोरगं लावून देईल. चेनीचं तुझं तू बघ." पोस्टमन म्हणाला, "आबा, सायकल न्हाई चालली तर थैली काय उडत जाईल?" तुम्ही म्हणालात, "ते सरकारला विचार." शेवटी मी दोन्ही केलं, तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हा.

मला त्या रविवारांचा राग यायचा. वर्कशॉपमध्ये मी एकदा सहज विचारलं, विद्यावेतन घेणाऱ्यानं गावातल्या सरकारी वस्तू दुरुस्त कराव्यात अशी काही अट असते का. पैसे वाटणारे कारकून इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. "अरे बाबा, हितं पगारवाले रविवारी कामाला हात लावीत न्हाईत, आन् तू विद्यावेतनावर करून राह्यला?" मग दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. अशी कुठलीही अट नव्हती, आबा. कधीच नव्हती. हीच ती गोष्ट, जी तुम्हाला सांगायची राहून गेली. त्या वेळी का सांगितली नाही ते पुढे येईलच.

उन्हाळा लागता लागता रोलिंग मिलच्या एका ठेकेदारानं मला कामाला येतोस का विचारलं. रोजंदारी अशी की विद्यावेतन त्याच्यापुढे चहापाणी वाटावं. आपल्या घराचे पत्रे गंजले होते, मायची खोली गळत होती. मी ठरवून टाकलं की उमेदवारी मध्येच सोडायची. सोडली तर परीक्षेला बसता येणार नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही, हे मला माहीत होतं. पण गळतं छप्पर डोळ्यांपुढे होतं आणि प्रमाणपत्र लांब होतं. रविवारी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही कुणाच्या तरी खाटेचा पाय तासत होता.

"आबा, उमेदवारी सोडून राह्यलो."

"काढलं का कुणी?"

"न्हाई. मीच. मिलमध्ये पैसा बराच हाय."

वाकस थांबली नाही. "मंग जाय."

मला इतकं सोपं उत्तर अपेक्षित नव्हतं. मी जायला वळलो तर मागून आवाज आला, "पण शाळेचा हापसा तेवढा करून जाय."

तो हापसा कितीतरी दिवस कोरडा खडखडत होता. गुरुजींनी दोनदा विचारलं होतं आणि दोनदा मी टाळलं होतं, कारण पाइप वर ओढायचे म्हणजे पाचसहा माणसांचं काम. मी म्हणालो, "ते माझ्याकडं येत न्हाई, आबा. त्याला पंचायत समितीचा मिस्त्री असतो."

"तो कवा येईल?"

"येईल तवा."

"तवर पोरी कुठून पाणी पितील?"

मग तुम्ही वाकस खाली ठेवलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. आयुष्यात तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाहीत. "दुसऱ्या गावाला जायचं तर जाय. माणसं जातेत. पण ज्याचे दाणे खाल्ले त्याची तिफण मोडलेली ठेवून मी कवा गेलो न्हाई." अशी काही अटच नाही, हे माझ्या ओठावर आलं होतं. दारात उभ्या मायनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ते मी गिळलं.

दुपारी ऊन उतरल्यावर आपण निघालो. आढ्याला जपून ठेवलेली लांब लाकडं तुम्ही खाली काढलीत, ज्यांना तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, आणि हापशावर त्यांची तिकाटी उभी केलीत. मी हापशाचं डोकं खोललं, कप्पी अडकवली. दोर ओढायला गुरुजी, पोस्टमन आणि पारावरची तीच पोरं. "सरकार, हुकूम करा," एकजण म्हणाला. "ओढ," मी म्हणालो. पाइप एक एक करून वर यायला लागले, गंजानं लाल, चिखलानं माखलेले. मध्येच दोर निसटला, तिकाटीचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला, आणि कुणाला काही कळायच्या आत तुम्ही त्या पायावर जाऊन बसलात. पूर्ण वजन टाकून, डोळे मिटून. "धरलं रे, ओढा," एवढंच म्हणालात. खालून निघालेलं चामड्याचं वायसर जुन्या चपलेच्या तळव्यासारखं झिजलेलं होतं. गुरुजींनी आष्टीच्या बाजारातून नवं आणून ठेवलं होतं. मी ते बसवलं, सगळे पाइप पुन्हा उतरवले, आणि दांडा हलवायला लागलो. बराच वेळ नुसती हवा. पारावरची पोरं काहीतरी बोलणार तेवढ्यात लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ.

पोरी घागरी घेऊन पुढे झाल्या तर तुम्ही हात आडवा केलात. पहिली कळशी मारुतीला. गुरुजी स्वतः ती घेऊन गेले, आणि ते परत येईपर्यंत सगळी माणसं पाण्यापुढे तहानलेली उभी राहिली.

पण मी थांबलो ते त्या पाण्यामुळे नाही, आबा. थांबलो ते त्यानंतर जे पाहिलं त्यामुळे. आपण घरी आलो तर मागोमाग माणसं आली. आपल्या लिंबाखाली पोतं अंथरून बसली. माय चहा ठेवायला धावली. कितीतरी दिवसांनी त्या भुशात इतकी माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमच्या पोरानं काम केलं बरं." तुम्ही तुमच्या जागेवर, ताठ. म्हणालात, "माझं कुठं. सध्या सरकारचं हाय ते." आणि तुमच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी फक्त पेरणीच्या दिवसांत पाहिलं होतं. तेव्हा मला उमगलं की तुम्ही रोज सकाळी ते छप्पर कशासाठी झाडत होता. माझ्या विद्यावेतनानं घरात फार काही आलं नव्हतं, पण काही मोडलं की गावानं पुन्हा आपल्या दारात यावं, एवढं त्यानं केलं होतं. ते मिलच्या रोजंदारीनं झालं नसतं. आणि अशी काही अट नाही हे मी सांगितलं असतं, तर तेही गेलं असतं.

सोमवारी सकाळी मी जालन्याला गेलो ते मिलवर नाही, वर्कशॉपवर. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. पत्रे त्या पावसाळ्यातही गळले, मायनं खाली परात ठेवली. वर्ष पुरं झालं, प्रमाणपत्र मिळालं, त्यावर बियाण्यांच्या कारखान्यात देखभालीची नोकरी लागली, ती आजपर्यंत आहे. पंचायत समितीचा मिस्त्री पुढे खरंच आला होता, तुम्हाला आठवत असेल. हापसा कुणी खोलला म्हणून चिडला. तुम्ही म्हणालात, "तुमच्याच माणसानं." तो बिचारा वहीत नाव शोधत बसला.

इतक्या वर्षांनी मला वाटतं की तुमचं सगळंच चुकलं नव्हतं. शिकणाऱ्याला देतात ते त्या दिवसाच्या कामाचे नसतातच. त्या पैशात माझी खानावळ आणि बसचा पास एवढंच निघायचं, पण त्यामुळे मी वर्षभर जागेवर राहिलो. पोरीला मी यातलं थोडं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, विद्यावेतन माझा हक्क हाय. उपकार न्हाईत कुणाचे." तिचं बरोबर आहे. मी तिला तसं म्हणालोही. पण तिच्या बरोबरची एक मुलगी उमेदवारी सोडून पुण्याला जादा पैशावर गेली, आणि तेव्हापासून आमची पोरगीही जेवताना पुण्याचंच नाव काढते. परवा तिनं विचारलं, "मी पण बघू का, पप्पा?" मला तुमच्यासारखं "मंग जाय" म्हणता आलं नाही. "बघू" म्हणालो. रात्रभर ते उत्तर मलाच पुरलं नाही.

आज रविवार. तिला घेऊन गावी गेलो होतो, मारुतीच्या दर्शनाला. हापसा अजून उभा आहे, पण त्याचा दांडा कुणीतरी काढून नेलाय, आणि शेजारी नळ आलाय. शाळेच्या बाई फाटकात भेटल्या. वर्गातले पंखे आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही उन्हाळ्यापासून बंद, म्हणाल्या, अर्ज करून थकले. पोरीनं पर्समधून टेस्टर काढला, बाकावर चढली आणि वरून ओरडली, "पप्पा, मेन बंद करा आधी! आणि बाई, ह्या बोर्डाला कुणी शिवलंच न्हाई का आजपर्यंत?" खाली पोरं जमली, सुट्टीच्या दिवशी कुठून आली कोण जाणे. पंखे फिरले तेव्हा खडूची धूळ तिच्या केसांवर पडली आणि पोरं ओरडली. बाईंनी तिला बसवून चहा दिला, पुढच्या महिन्यात येशील का, पाण्याची मोटर दाखवायची आहे, असं विचारलं. परतीच्या बसमध्ये ती केसांतली खडूची धूळ झटकत होती. मग म्हणाली, "बरं झालं आज आलो ते. मोटरचं मला अजून नीट येत न्हाई. कारखान्यात ते दोनेक महिन्यांनी शिकवणार हायेत." पुण्याचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

अट नव्हती, हे सांगायला म्हणून मी हे लिहायला बसलो, आणि वर ते लिहिलंही आहे. म्हणून हे तुमच्यापर्यंत न पोचलेलंच बरं. तुम्ही लिंबाखाली ताठ बसलेले आहात, तसेच बसून राहा. फक्त एवढं सांगतो, पोरीला ते माहीत नाही: शाळेच्या बाईंना काल मीच फोन केला होता, बंद असेल ते तिला दाखवा म्हणून. त्या संकोचानं म्हणाल्या, अहो, तिला कशाला त्रास, ती तुमची मुलगी. आणि मी काही ठरवलं नसताना माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी कुठं, बाई. सध्या सरकारची हाय ती."